अल्सरचे पथ्य

आजोबांच्या आजारपणाविषयी तुमच्या आईने तुम्हाला थोडेफार सांगितले असेल. ती तेव्हा लांब होती, जवळ मी होते. म्हणून मीच लिहिते.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षे. साताऱ्यात दुर्बिणीतून आजोबांचे पोट तपासले आणि जठराचा कॅन्सर निघाला. यकृतापर्यंत गेलेला, म्हणजे ऑपरेशन नाही. डॉक्टरांनी हे आजोबांना सांगितले नाही. त्यांच्या धाकट्या भावाला आणि मला बाजूला घेऊन सांगितले. तेव्हा तशीच रीत होती. हे माझे दीर फौजेतून निवृत्त होऊन फलटणजवळ ऊस करीत. ते म्हणाले, "वैनी, दादाला अल्सर हाय म्हनून सांगा. कळलं तर हातपाय गाळून बसंल." मी तसेच सांगितले आणि त्यांच्या ताटातले तिखट-तेल बंद केले.

मग सांगलीच्या एका इस्पितळात नव्या औषधाची चाचणी चालू असल्याचे आणि ते औषध फुकट मिळत असल्याचे कळले. दीर आणि मी दोघेच आधी चौकशीला गेलो. डॉक्टर तरुण होता, उसाच्याच गावचा. पेशीच्या अंगावर काही प्रथिने असतात, बाहेरून आलेला 'वाढ' हा निरोप ती आत पोचवतात, असे त्याने सांगितले. काही कॅन्सरमध्ये ती फार होतात आणि निरोप थांबतच नाही. "विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर अडकला तर रान तुंबतं ना, तसं. जुनं औषध अख्ख्या गावाची लाइट घालवतं. हे फक्त तो स्टार्टर बंद करतं."

दिरांना पटले नाही. "फुकट कशापायी देत्यात? उंदरावर झालं, आता आमच्या दादावर व्हय?"

मलाही तीच शंका होती. मी इंग्रजी संमतीपत्र बारकाईने वाचले. औषधाचा उपयोग होईलच असे नाही, त्रास होऊ शकतो, सगळे उघड लिहिलेले. त्यामुळे माझा संशय वाढलाच. इतके खरे कोणी आपणहून लिहील का? त्यातच डॉक्टर म्हणाला, "काकू, काकांना आजार माहीत नसेल तर मी हे औषध देणार नाही." मला वाटले, खरेपणा दाखवून सही मिळवायची ही युक्ती आहे. पण दुसरा मार्गही दिसत नव्हता.

पुढच्या खेपेला मी आजोबांना 'मोठ्या डॉक्टरांचे मत घेऊ' म्हणून एस.टी.ने घेऊन निघाले. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली. ते चहाला उतरले नाहीत. म्हणाले, "अल्सरसाठी सांगलीला कोण जातं? तू सांगतेस, की त्यालाच विचारू?"

मी सांगितले. शेजारच्या बाकावर कोणीतरी शेंगा सोलत होते. आजोबा म्हणाले, "मग एवढे दिवस मला बिनतिखटाचं का घातलंस?" आणि खाली उतरून गरम भजी घेऊन आले.

सांगलीत सही त्यांनीच केली. पोटातला तुकडा तपासायला मुंबईला गेला. उत्तर आले तेव्हा डॉक्टरने समोर बसवून सांगितले: काकांच्या कॅन्सरमध्ये ते प्रथिन वाढलेले नाही, या औषधाचा त्यांना उपयोग नाही. नेहमीचीच केमो घ्यावी लागेल.

बाहेर आल्यावर मी म्हटले, "अहो, आपली जागा कुणा ओळखीच्याला दिली असेल."

"फसवायचं असतं तर हो म्हणाला असता," ते म्हणाले. "नाही म्हणून त्याला काय मिळालं?"

केमो त्यांनी थोडी घेतली, मग त्यांनीच थांबवली. किती दिवस उरले असतील ते डॉक्टरला स्वतः विचारले, आणि ते दिवस काढायला फलटणला भावाकडे जायचे ठरवले. आम्ही पोचलो तेव्हा दीर दारात आले आणि माझ्याकडे बघत मोठ्याने म्हणाले, "काय दादा, अल्सर काय म्हनतोय?"

"कॅन्सर आहे रे," आजोबा म्हणाले. "सरक, आत येऊ दे."

दिरांनी माझ्या हातातून पिशवी घेतली आणि आत जाऊन चुलीवर तिखट रस्सा ठेवायला सांगितला.