मी न गेलेलं घर

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा नर्सने मला नाव विचारलं. मी सांगितलं, पण तोंडातून नुसती हवा बाहेर पडली. गळ्यातली गाठ काढताना कधी कधी आवाजाच्या नसेला धक्का बसतो, हे नागपूरच्या डॉक्टरांनी आधीच नीट समजावून सांगितलं होतं. त्यामुळे कुणाला दोष द्यायचा प्रश्न नव्हता. "नस बहुतेक जागी होईल," ते म्हणाले, "पण कधी, ते मला सांगता येणार नाही. वाट पाहावी लागेल." मी मान हलवली. वाट पाहणं म्हणजे काय असतं हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

धर्मशास्त्राचं शिक्षण संपवून मी पांढुर्ण्याच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत पाळक होण्यासाठी उमेदवारी करत होते. बाई पाळक होणार याची काही जणांना अजून सवय व्हायची होती, पण रविवारी मी संदेश द्यायला उभी राहिले की तेही कान देऊन ऐकत. माझा आवाज चांगला होता. तो देवानेच दिलेला आहे आणि त्याच्याच कामाला लागणार आहे, अशी माझी पक्की समजूत होती. हिवाळ्यात पाळक म्हणून माझी दीक्षा व्हायची होती. आमचे पाळकसाहेब सौंसरला आमच्या घरी आले, बाबांसमोर खुर्चीत बसले, आणि मंडळीच्या समितीने दीक्षा पुढे ढकलली आहे असं त्यांनी फार हळुवारपणे सांगितलं. पुढे म्हणजे कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

त्यानंतरचे महिने मी सौंसरलाच काढले. बाबा शाळेतून निवृत्त झालेले, आई घर सांभाळणारी. घराच्या मागे शेजाऱ्यांची संत्र्याची बाग आहे. सकाळी धुकं बागेवर उतरलं की झाडं दिसत नसत, फक्त मधूनमधून पिकू लागलेली फळं लोंबताना दिसत, कशालाही न टांगल्यासारखी. माणूस बोलेनासा झाला की घरातली मंडळी हळूहळू त्याच्यासमोर तो नसल्यासारखी वागू लागतात, हे मला तेव्हा कळलं. आई खोलीत यायची, दिवा बंद करून निघून जायची, आणि मी तिथेच बसलेली असायचे. सुरुवातीला मी देवावर रागावत असे. पुढे रागही येईना. दुपारी जेवण झालं की मागच्या ओट्यावर जाऊन बसायचं आणि मनातल्या मनात एकच लहानशी प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणायची, एवढंच उरलं. ती मी कुणाला सांगितली नव्हती, कुठे लिहिलीही नव्हती.

जानेवारीत एका सकाळी चाळिशीतला एक माणूस मोटारसायकलवरून आमच्या दारात आला. नाव देवराव. तिगाव स्टेशनच्या पुढे, रेल्वेलाइनला लागून त्याचं शेत आहे आणि घरही शेतातच. त्याचं कुटुंब आमच्या मंडळीतलं, पण अंतरामुळे उपासनेला येणं त्यांना जमत नसे. त्याची म्हातारी आई अंथरुणाला खिळली आहे, तिला भेटून या, असं पाळकसाहेबांनी मला ऑपरेशनच्या आधी सांगितलं होतं. ते राहून गेलं होतं. त्या घरातलं कुणीही मी कधी पाहिलं नव्हतं.

देवरावने मला हात जोडले. "ताई, माफ करा, घरापर्यंत आलो. पाळकसाहेबाले पत्ता इचारला. या बुधवारी तुमी आल्या नाही, तं माय सारखी दाराकडं पाहून राहिली. जेवूनबी नाही राहिली. तुमची तबियत बरी नाही का?"

बाबांना वाटलं त्याचा काही घोटाळा होतोय. "कोणत्या बुधवारी?" त्यांनी विचारलं. "या पोरीचं दिवाळीच्या आधी ऑपरेशन झालं. तवापासून हे घराभाईर पडली नाही."

देवराव माझ्याकडे पाहत राहिला. "कापूस येचणं सुरू झालं तवापासून येऊन राहिल्या ना," तो हळूच म्हणाला. "दर बुधवारी, दुपारी. मी वावरात असतो, मी नाही पाहिलं. पण मायी बायको घरीच असते. पांढुर्ण्याच्या मंडळीतली ताई आहो म्हणून तुमीच तिले सांगतलं." मग त्याने माझ्या गळ्याकडे पाहिलं. व्रण झाकायला मी पांढरी ओढणी गळ्याभोवती गुंडाळत असे. "ते सांगत होती, ताई गळ्याले पांढरी ओढणी बांधते म्हणून."

ती ओढणी मी ऑपरेशननंतरच बांधायला लागले होते. पांढुर्ण्यात मला तशी कुणीच पाहिलं नव्हतं.

मी मोबाइलवर लिहून त्याला दाखवलं: मी आले नव्हते. मला बोलता येत नाही. त्याने ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, "ताई, कोण आलं ते मले नाही समजत. पण माय तुमाले बलावून राहिली, हे खरं हाय." बाबांनी कोट घातला. देवराव मोटारसायकलने पुढे गेला आणि बाबा व मी बसने पांढुर्ण्याला गेलो. बसमध्ये बाबांनी तिकिटं काढली. मग खिडकीबाहेर पाहतच म्हणाले, "दुपारी तू ओट्यावर बसते ना, तवा मी कितीकदा हाक मारली. तू मान बी वळवत नाही. तुह्या मायले मी सांगतलं नाही, पण मले एक डाव भेव वाटला होता."

देवराव पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर ऑटो घेऊन थांबला होता. आम्ही शेतावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वारा अजिबात नव्हता. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या करड्या उभ्या होत्या आणि पलीकडे रुळांवर एक मालगाडी नुसतीच थांबलेली होती. ओसरीतला कुत्रा बाबांवर भुंकला. मग तो माझ्याजवळ आला, भुंकणं थांबवलं आणि माझ्या पायाशी अंग टाकून पडला. देवरावची बायको शोभा पदराला हात पुसत बाहेर आली आणि मला पाहून मोकळं हसली.

"आल्या का ताई? मले वाटलं, रागावल्या का काय आमच्यावर." तिने आतून लोखंडी खुर्ची आणली आणि न विचारता खिडकीखाली, खाटेच्या उशाशी मांडली. "बसा तुमच्या जागेवर. बिनसाखरेचा चहा ठेवतो. आज तं पिऊन जा. दर बारी साखर नको म्हणता, आन कप तसाच्या तसा ठेवून निघून जाता."

मी चहात साखर घेत नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत मी पहिल्यांदा पाऊल टाकत होते, आणि मला वाटत होतं की मागे वळून पाहिलं तर दारात कुणीतरी, मी आत जाण्याची वाट पाहत, उभं असेल. मी मागे पाहिलं नाही. खुर्चीत बसले. बसणारीची उंची ठाऊक असल्यासारखी ती खुर्ची माझ्यासाठी बरोबर जागी होती. म्हातारीचा हात माझ्या हाताच्या अंतरावर होता.

आजी डोळे मिटून पडली होती. माझा हात लागताच तिने डोळे उघडले आणि मला निरखून पाहिलं. "आज काऊन बोलत नाही व?" ती म्हणाली. "तवा तं किती बोलत होती. पुऱ्या खोलीत आवाज घुमे तुहा."

देवरावने वाकून तिला सांगितलं, "माय, ताईचा आवाज गेला. ऑपरेशन झालं."

"मंग मनातच कर प्रार्थना," आजी म्हणाली. तिला त्यात काही अवघड वाटलं नाही.

मी डोळे मिटले. पांढुर्ण्यात आजाऱ्यांसाठी मी मोठमोठ्या प्रार्थना करत असे, वचनांमागून वचनं येत. त्या दुपारी मला एकही वचन आठवेना. जी एक प्रार्थना मी ओट्यावर बसून म्हणत होते तीच आपोआप मनात आली. ती म्हणून होताच, पापण्या उघडायच्या आतच, आजीचं "आमेन" माझ्या कानावर पडलं. मग ती खोल, बसक्या आवाजात म्हणाली, "रोज थेच म्हणतो मी. तू शिकवली तशी. देवा, मी बसून हाय. तू उठवशील तवा उठीन."

तेच शब्द. संत्र्याच्या बागेकडे तोंड करून, कुणालाही ऐकू न जाता, मी दुपारभर म्हणायचे ते. बसताही न येणारी बाई ते "बसून हाय" असं म्हणत होती आणि तिच्या चेहऱ्यावर कसलंच दुःख नव्हतं. बाहेर थांबलेली मालगाडी खडखडत हलली. शोभाने चहा आणला. मी तो सगळा प्यायले. शोभा रिकाम्या कपाकडे पाहत राहिली. मग माझ्या तोंडाकडे. तिला तेव्हा काय समजलं ते तिने कधी सांगितलं नाही, पण तिने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि त्यानंतर ती माझ्याशी आधीपेक्षा हळू आवाजात बोलू लागली.

त्या दिवसानंतर दर बुधवारी मी स्वतः त्या घरी जाऊ लागले. जाऊन काय करायचे? हात धरून बसायचे. आजीचे पाय चेपायचे, शोभाला भाजी निवडू लागायचे. सेवा म्हणजे बोलणं, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. न बोलता माणसाजवळ बसायला मला त्या खोलीने शिकवलं. दीक्षेचं काय झालं, हे मी पाळकसाहेबांना विचारेनाशी झाले. माझ्याऐवजी कुणीतरी त्या खुर्चीत बसत होतं, आणि मी घरी राग धरून बसले होते तेव्हाही देवाचं काम एका दिवसासाठी अडलं नव्हतं. हे कळल्यावर भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण त्याहून जास्त, पाठीवरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखं हलकं वाटलं.

उन्हाळा लागता लागता आवाज आला. एकदम नाही. आधी खरखर, मग एखादा शब्द. पूर्वीसारखा तो आजही नाही. मोठ्याने बोलले तर फाटतो, आणि गाणं तर गेलंच. आवाज फुटल्यावरच्या पहिल्या बुधवारी मी आजीच्या उशाशी बसले आणि इतके महिने मनात असलेलं विचारलं. "आजी, माझ्या आधी जी येत होती, ती कशी होती?"

म्हणजे ती आणि मी वेगळ्या आहोत हे तिला ठाऊक आहे, असं मी धरूनच चालले होते. तिलाही प्रश्नाचं नवल वाटलं नाही. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, गालावरून, डोळ्यांखालून.

"तुह्यावानीच होती व," ती म्हणाली. "पण ते थकेली नव्हती."

पावसाळ्याच्या तोंडाशी आजी झोपेतच गेली. तिच्या दफनाची उपासना मी या फाटक्या आवाजात चालवली. मागे उभ्या असलेल्यांना नीट ऐकूही आलं नसेल. पुढच्या हिवाळ्यात माझी दीक्षा झाली. आता रामाकोन्याकडच्या दोन-तीन घरांपासून पांढुर्ण्यापर्यंत मी फिरते. लोक मला विचारतात, ताई, तुम्ही इतकं शांत कशा बसता? बुधवारच्या त्या दुपारी आजीकडे माझ्याऐवजी कोण येत होतं, हे मी देवाला कधी विचारलं नाही. मला ते जाणून घ्यायचं नाही. पण एखाद्या आजाऱ्याच्या दारात पोचते तेव्हा चप्पल काढता काढता मी क्षणभर थांबते, माझ्या आधी आत कुणी येऊन बसलेलं असेल तर त्यांचं आटोपू दे म्हणून. मग प्रभूचे आभार मानते आणि आत जाते.