भागाबाईंनी काढलेला नमुना

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार, अमरावतीची शाळा. हजर : मुंबईहून आलेले तपासनीस साहेब, हेडमास्तर, शाळा समितीचा चिटणीस म्हणून मी, आंघोळ घालून आणलेली सगळी मुले. न बोलावता हजर : भागाबाई.

भागाबाई कापसाच्या व्यापारी. अमेरिकेत लढाई पेटून तिकडचा कापूस अडल्यापासून आमच्याकडे बैलांच्या शिंगांवरही चांदी चढली होती. बाईंची खोड मात्र तीच. कापसाने भरलेला बोरा समोर आला की कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि पोटातला कापूस बाहेर ओढायचा. "वरचा कापूस पाहुण्यासाठी असते," त्या म्हणत.

मुंबईत विद्यापीठ निघून काही वर्षे झाली होती. त्याच्या मॅट्रिकसाठी मुले तयार करणारा एक वर्ग वऱ्हाडात उघडायचा होता. अमरावतीला की अकोल्याला, एवढाच प्रश्न. हेडमास्तरांनी हुशार मुले पुढच्या रांगेत बसवली. साहेब विचारीत गेले, मुले धडाधड सांगत गेली. साहेबांची मान डोलू लागली.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "सायेब, वरचा माल पाहून सौदा नोका करू. पोटात हात घाला!"

हेडमास्तर पुटपुटले, "बाई, ही शाळा आहे."

"मंग? येथं काय वजन करत नाई?"

साहेब हसले आणि थेट मागच्या रांगेत गेले. तिथे भागाकार विचारला. एकाने छताकडे पाहिले, दुसऱ्याने पहिल्याकडे. वर्ग अकोल्याला गेला.

गावाने बाईंशी बोलणे टाकले. मीच तेवढा भांडायला गेलो.

"बाई, साहेबांसमोर असं काहून बोलल्या?"

"चिटणीस, तुमी मुंबईले भिजला माल धाडून राहिले होते. तेथं उघडला असता त कोनाचं नाव गेलं असतं?"

 दुसऱ्याच दिवशी बाईंनी ऐन हंगामात आपली वखार रिकामी केली, बोरे अंगणात उघड्यावर रचले आणि मागच्या रांगेला तिथे शिकवायला हेडमास्तरांना अक्षरशः ओढून नेले. स्वतः दारात बसत. अक्षर एक येत नव्हते, पण पोरगा अडखळला की ओरडत, "मास्तर, याच्यात सरकी राह्यली!" आश्चर्य म्हणजे ती मुले सुधारली. हेडमास्तरही सुधारले, थोडे.

उन्हाळ्यात पटकीची साथ आली आणि दोन दिवसांत बाई गेल्या. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "सायेब पुन्हा कवा येते?"

साहेब उद्या येत आहेत. वऱ्हाडासाठी आणखी एक वर्ग निघायचा आहे. भिंती सारवून झाल्या, नकाशा टांगला, पाण्याचे माठ भरले. हेडमास्तरांनी सवयीने हुशार मुले पुन्हा पुढे बसवली आहेत. साहेबांना मागच्या रांगेकडे कोणी न्यायचे, ते अजून ठरायचे आहे.