ईराची कोरी वही

मंडळी, आज पिरंगुटच्या माझ्या बालवाडीत ईराचे बाबा तिची कोरी वही नाचवत आले. "मॅडम, तीन महिने झाले, एक अक्षर नाही! इथे नुसता खेळच चालतो का?"

चार वर्षांची ईरा तेव्हा भाजीवाली झाली होती. मी म्हटलं, "जरा गिऱ्हाईक व्हा."

त्यांनी पाच कांदे मागितले. ईराने मोजले. "चारच आहेत. एक बटाटा देऊ? मग पाच होतील."

बाबा हसले. तरी म्हणाले, "रोज एक पान लिहून घ्या, नाहीतर नाव काढतो."

"खुशाल काढा. मी लिहून घेणार नाही."

ते रागाने ईराला घेऊन गेले. मला वाईट वाटलं, पण माझं उत्तर बदलणार नाही.

तुमच्या मुलांसाठी तुम्हीही शाळेला 'इतक्यात लिहून घेऊ नका' असं ठणकावून सांगाल का?