डाव्या कानातला आवाज

रणजीत राठोड फौजेत हेलिकॉप्टर चालवायचा. कनेरगाव नाक्यापासून दीड कोसावर त्याचा तांडा. सुट्टीवर आला की तांड्यातली लेकरं आधी त्याचे पाय न्याहाळायची. आभाळात हिंडणाऱ्याचे पाय काही वेगळे असतील असं त्यांना वाटायचं. १९९८ च्या उन्हाळ्यात तो कायमचा परत आला, तेव्हा मोठी माणसंही त्याच्या पायांकडे बघायला लागली. सपाट वाटेवरून तो उतारावरून चालल्यासारखा चालायचा. उजवा खांदा खाली, डावा हात जरा पुढे, काहीतरी धरायला शोधणारा.

"सकाळीच घेऊन येऊन राहिला का काय?" पारावर कुणीतरी बोललं.

"माझ्या लेकानं थेंब घेतला न्हाई कधी," त्याची आई जिवनबाई तिथंच थांबून म्हणाली. "आंगाचा तोल गेला त्याचा. तुमी तोंड सांभाळा."

तांड्यातून शिकून अधिकारी झालेला तो पहिलाच. सैनिकी शाळेत गेला, तिथून पुढे चढत गेला, आणि तेविसाव्या वर्षी ईशान्येकडच्या डोंगरात हेलिकॉप्टर उडवायला लागला. चौक्यांवर धान्य टाकायचं, आजारी जवान खाली आणायचे. सुट्टीत बायको निलमला तो उडण्याच्या गमती सांगायचा. खाली उतरताना कानाला दडे बसतात, मग सारखा आवंढा गिळावा लागतो. फार वर गेलं की हवा विरळ होते आणि न पिता चढते. "उगंच गाणं म्हणू वाटतं. लई खुशी झाली की समजायचं, आता आपली अक्कल चालंना. मग नखं बघायची. निळी दिसली की खाली यायचं."

निलम हसायची. पण जेवताना तिला दिसायचं, ताटाला लागलेली त्याची बोटं बारीक थरथरत असायची, यंत्राची धडधड अजून हाडांतून निघाली नसल्यासारखी. तीस वर्षांचाही नव्हता तेव्हा, तरी भांड्यांचा किणकिणाट त्याला ऐकू यायचा नाही.

१९९७ च्या ऑगस्टमध्ये त्याचं हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि डोंगराला धडकलं. सोबतचा वैमानिक अभय कुलथे गेला. रणजीत वाचला, पाठीचे दोन मणके मोडले, डावा कान कायमचा बंद झाला. चौकशी झाली. ढगात दोन्ही वैमानिकांना दिशाभ्रम झाला, कुणाचा दोष नाही, असं कागदावर आलं. शेवटी अभय काही बोलला का, असं चौकशीच्या साहेबांनी विचारलं होतं.

"आठवत नाही," रणजीतनं सांगितलं होतं.

त्याला सगळं आठवत होतं. अभय नेहमी डाव्या अंगाला बसायचा, आणि आता त्याच बाजूच्या मेलेल्या कानात त्याचा आवाज यायचा. भर दुपारी, तुरीच्या ओळीत उभा असताना, अगदी निवांत आवाज: 'सर, काटा बघा.'

डॉक्टर म्हणाले होते, या कानाला आता काही ऐकू येणार नाही. रणजीतनं मान डोलावली होती. त्यांना काय सांगणार?

त्यानं घराच्या चौकटीला गवंड्याकडचा ओळंबा टांगला. उठल्यावर आधी त्याच्या सरळ लोंबणाऱ्या दोरीकडे टक लावून बघायचं आणि मग पाय जमिनीवर ठेवायचा. त्याशिवाय त्याला उभं राहता यायचं नाही.

एकदा शेजारच्या शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या. वारा फिरला आणि पांढरा दाट धूर रणजीतच्या अंगावर आला. निलम भाकरी घेऊन गेली तर नवरा पालथा पडलेला, दोन्ही मुठींत माती घट्ट धरलेली.

"काय झालं हो?"

"जमीन कलली. उजवीकडं."

"जमीन कशी कलंल?"

"कलली न्हाई, मला ठाऊक हाय," तो मातीत तोंड खुपसूनच म्हणाला. "पण आंगाला ठाऊक न्हाई ना, निलम."

धूर विरेपर्यंत ती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. त्या दिवशी त्यानं तिला पहिल्यांदा आवाजाबद्दल सांगितलं. काय आवाज येतो तेवढंच सांगितलं. साहेबांपुढे काय दडवलं, ते नाही.

१९९९ च्या डिसेंबरात अकोल्याहून एक गृहस्थ नाक्यावर एसटीतून उतरले आणि विचारत विचारत तांड्यात आले. पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं, हातात कापडी पिशवी. किशनराव कुलथे, निवृत्त शिक्षक. अभयचे वडील.

रणजीतनं त्यांना बघितलं आणि ओसरीचा खांब धरला.

निलमनं चहा दिला. किशनरावांनी तो पूर्ण पिऊन कप नीट खाली ठेवला. मग म्हणाले, "मी भांडायला नाही आलो. चौकशीचा कागद वाचला. दिशाभ्रम असं लिहिलंय. मी तीस वर्षं भूगोल शिकवला बाप्पा, मले हा शब्द समजत नाही. दोन माणसांना एकाच वेळी दिशा कशी समजत नाही? अभय तर लहानपणी आगगाडीत झोपेतून उठून पूर्व कुठं ते सांगायचा."

 रणजीत उठून अंगणातल्या लिंबाच्या झाडाखाली गेला. तिथं झोका होता, एकाच दोराला बांधलेली फळी.

"काका, इथं बसता का? डोळे बांधून."

निलम दचकली. पण किशनराव खरंच उठले, फळीवर बसले आणि स्वतःच्या उपरण्यानं स्वतःचे डोळे बांधून घेतले. रणजीतनं दोर धरून झोका हळूहळू, एकाच लयीत फिरवायला सुरुवात केली.

"कुठं फिरताय?"

"उजवीकडे."

तो फिरवत राहिला. दहा-बारा वेढे झाले. "आता?"

"आता थांबवलात तुम्ही."

झोका फिरतच होता. जिवनबाई दारात येऊन उभी राहिली. रणजीतनं मग दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली. झोका जागच्या जागी थांबला.

"आता?"

"डावीकडे!" किशनरावांनी दोर घट्ट आवळला. "अहो, हळू! डावीकडे जोरात फिरतंय!"

"न्हाई काका. झोका थांबलेला हाय. मी धरून उभा हाय."

किशनरावांचा श्वास वर-खाली होत राहिला. रणजीत त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. त्यांचे डोळे बांधलेले होते, कदाचित म्हणूनच त्याला बोलता आलं.

"कानाच्या आत पाण्याच्या बारीक नळ्या असतात. त्या पाण्यावरून आंगाला कळतं आपण कुठं वळलो. पण हळू वळलं, लई वेळ वळलं, की ते पाणी फसवतं. बाहेर डोंगर दिसत असला, जमीन दिसत असली, तर डोळे सांभाळून घेतात. ढगात डोळ्याला पांढऱ्याशिवाय काही न्हाई. तिथं फक्त समोरच्या यंत्राच्या काट्यावर भरोसा ठेवायचा. आम्हाला हे शिकवलं होतं. मी हे दुसऱ्यांना शिकवत होतो, काका."

"मग?"

"हेलिकॉप्टर हळूहळू उजवीकडं कललं. मला कळलं न्हाई. अभयनं काटा बघितला. म्हणाला, 'सर, काटा बघा. उजवीकडं कललोय.' मी बघितलं, सरळ केलं. अन् सरळ झाल्याबराबर माझं सगळं आंग ओरडून सांगायला लागलं की आता आपण डावीकडं पडून राहिलो. आता तुमाला झालं तसंच. मी परत उजवीकडं घेतलं. तो परत म्हणाला. त्यानं चालवायच्या दांड्याला हात लावला, सरळ करायला. मी त्याचा हात झटकला."

अंगणात कोंबडी खुडखुड करत होती.

"काटा बरोबर होता. अभय बरोबर होता. दोघांना दिशा समजली न्हाई असं न्हाई काका. एकट्या मला समजली न्हाई. साहेबांना मी सांगितलं, आठवत न्हाई. खोटं बोललो."

किशनरावांनी उपरणं काढलं नाही.

"किती वेळा म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"तीनदा. दोनदा सर म्हणाला. तिसऱ्यांदा दादा म्हणाला."

"ओरडला?"

"न्हाई."

"घरी तो दोनदा सांगायचा," किशनराव म्हणाले. "नाही ऐकलं की गप्प बसायचा. मीच शिकवलं होतं, मोठ्या माणसाला तिसऱ्यांदा सांगू नये म्हणून." त्यांनी दोर आणखी आवळला. "तिसऱ्यांदा बोलला तो."

जिवनबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्यांचे हात दोर सोडेनात, तेव्हा तिनं तो तसाच जमिनीवर ठेवला आणि पदर तोंडाला लावून तिथंच बसली.

बऱ्याच वेळानं किशनरावांनी डोळ्यांवरचं उपरणं सोडलं. पिशवीतून कोरे कागद आणि पेन काढलं. "हे लिहून द्या. माझा मुलगा बरोबर होता, एवढं कागदावर यायला पाहिजे. मी पाठवतो जिथं पाठवायचं तिथं."

रणजीतनं निलमकडे बघितलं. पेन्शन जाईल, अटक होईल, काहीही होईल, हे दोघांच्याही मनात त्या क्षणी आलं.

"लिहा," निलम म्हणाली. "काहून थांबलात? लिहा की."

त्यानं दीड पान लिहिलं. अक्षर वाचण्यासारखं होतं. खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. किशनरावांनी कागद दोनदा वाचला, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि चार घड्या करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. जेवायला थांबले नाहीत. रणजीत त्यांना नाक्यापर्यंत सोडायला गेला.  एसटीत चढताना किशनरावांनी मागे वळून बघितलंही नाही.

आठ महिन्यांनी उत्तर आलं. जबाब प्रकरणाच्या कागदांना जोडला आहे, एवढंच. पेन्शन बंद झाली नाही, कुणी न्यायला आलं नाही. खरं बोललो की आवाज थांबेल, अशी रणजीतला आत कुठंतरी आशा होती. तो थांबला नाही. उलट आता 'दादा' जास्त स्पष्ट यायचा. पुढच्या वर्षी त्यानं नाक्यावर पिठाची गिरणी टाकली. गिरणीची धडधड पायातून वर चढली की त्याला त्यातल्या त्यात बरं वाटायचं. पीठ उडून हवा पांढरी झाली की मात्र तो बाहेर येऊन उभा राहायचा आणि दळण तेवढा वेळ निलम बघायची. गिऱ्हाइकांना माहीत झालं होतं, याच्याशी उजव्या बाजूनं बोलायचं.

२००२ च्या दिवाळीनंतर एक दिवस गिरणीसमोर किशनराव उभे दिसले. हिंगोलीला पाहुण्यांकडे निघालो होतो, म्हणाले. निलमनं बाकडं पुसून दिलं. त्यांनी चहा घेतला, यंदा कापसावर किती अळी पडली ते विचारलं, अकोल्याच्या पाण्याची तकलीफ सांगितली. अभयचं नाव कुणीच काढलं नाही. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि रणजीतनं विचारलं नाही.

त्यानंतर वर्षातून एकदा ते येऊ लागले. नेहमी दुपारच्या गाडीनं, नेहमी हिंगोलीच्या पाहुण्यांचं निमित्त करून. हिंगोलीत त्यांचं कुणी नाही हे निलमला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं.  ते यायच्या सुमाराला ती नव्या ज्वारीची दोन पायली त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायची.