दाजींचं दार

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, सव्वीस वर्षं श्रीमंतांच्या घरांना दारं बसवतात. दार आणि चौकट यांच्यात सगळीकडून सारखी तीन मिलिमीटरची फट हवी. केसभर फरक पडला तरी दार उतरवून पुन्हा बसवणार. घाईतले ठेकेदार त्यांच्यापुढे हात टेकतात.

"एवढं असतं तरी काय हो या घरांत?" मी एकदा विचारलं.

"संगमरवर, झुंबरं कुणालाही दिसतात," दाजी म्हणाले. "खरं महाग घर ओळखायचंय ना? डोळे मिटून दार लाव. लागलेलं कळता कामा नये."

मला हसू आवरेना. त्यांच्या स्वतःच्या दोन खोल्यांचं दार फरशीला असं करकरत घासायचं, की दाजी आल्याची वर्दी शेजाऱ्यांनाही मिळायची. ताई अकरा वर्षं मागे लागली होती आणि दाजी अकरा वर्षं "रविवारी बघू" म्हणत होते. शेवटी मीच डिवचलं, "दाजी, जगाची दारं गुळगुळीत आणि घरी ही बोंब?" ते त्यांना झोंबलं. त्याच रविवारी त्यांनी दार उतरवलं, खालून रंधा मारला, बिजागऱ्या बदलल्या. आता ते एका बोटानं ढकललं तरी गुपचूप लागायचं. ताई उगाचच उघडून लावून बघत होती.

आतल्या खोलीत दाजींची आई असते. तिला जवळजवळ दिसत नाही. मुलगा कामावरून आला, की तिची हाक यायची, "आलास का रे?" मग तो समोर बसल्यावरच ती चहाला हात लावायची.

सोमवारी दाजी लवकर, तीनलाच परतले. ताई कामावर होती. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली दिसली. झोपली असेल, कशाला उठवा, म्हणून दाजी बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर आडवे झाले. दमलेला माणूस, लगेच डोळा लागला.

सहाला ताई परतत होती, तर कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे सासूबाई स्टुलावर बसलेल्या. पायात चपला नाहीत, कोपर खरचटलेलं. "रस्ता ओलांडायला निघाल्या होत्या, मीच धरून बसवलं," सायकलवाला म्हणाला. "येईल त्याला विचारतायत, माझा मुलगा दिसला का."

ताई त्यांना हाताला धरून घेऊन निघाली. घरी येऊन बघते, तर दाजी घोरतायत. "अहो, उठा! आई रस्त्यावर होत्या!"

दाजी धडपडून उठले. आईनं त्यांचा चेहरा चाचपला. "कधी आलास?"

"तीनला, आई."

"नेहमीची वेळ टळली तरी दार वाजलंच नाही रे. मला वाटलं, तुझं काही बरंवाईट झालं."

ताईचा फोन आला तसा मी धावत गेलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण टोमणा माझाच होता. दाजींनी मला बोल लावला नाही. दारावरून हात फिरवत म्हणाले, "त्या घरांत बाप एका खोलीत, मुलगा दुसऱ्या. कोण आलं, कोण गेलं, कुणाला पत्ता नसतो. लोक त्याचेच पैसे मोजतात. मी तेच घरी आणून बसवलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुट्टी टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच ते दार बिघडवायला बसले. मी पलीकडून धरायला होतो. त्यांनी दाराच्या तळाला लाकडाची पट्टी ठोकली आणि दार ढकललं. ते घासलं.

"आलास का रे?" आतून हाक आली.

"आलो, आई."

पण दाराचा हा आवाज जुना नव्हता, जरा बारीक होता. दाजींनी दार उतरवलं, पट्टी बदलली, पुन्हा चढवलं. पुन्हा हाक, पुन्हा "आलो." माझे हात भरून आले, पण ते ऐकेनात. दार त्यांनी सात वेळा उतरवलं. सातही वेळा तिनं विचारलं आणि सातही वेळा ते "आलो" म्हणाले. "मी घरातच आहे," असं त्यांनी आईला एकदाही सांगितलं नाही.