बंद गाडीत ओवीजवळ कोण होतं?

आधीच सांगते, आमच्या घरात लिंबू फक्त सरबतासाठी येतं. नजर, बाहेरचं, अमावस्या... असलं कोणी सुरू केलं की मी उठून चहा टाकायला जाते. मी लॅब टेक्निशियन. रिपोर्टमध्ये दिसेल तेवढंच खरं, हा माझा बाणा. इथले अनुभव वाचतानासुद्धा मनात "काहीतरीच!" म्हणायचे. तरी आज लिहितेय, कारण घरात या विषयावर बोलायची सोय राहिलेली नाही.

२०१४च्या हिवाळ्यातली गोष्ट. तेव्हा आम्ही मस्कतला, वादी कबीरमध्ये राहायचो. नवरा सुनील रुसैलच्या एका फॅक्टरीत मेंटेनन्सला, मुलगी ओवी पहिलीत. सासूबाई, म्हणजे माई, गुहागरहून व्हिजिटवर आल्या होत्या. त्यांना ओमान दाखवायचं म्हणून सुनीलने वीकेंडचा प्लॅन केला — अल हमराच्या वर डोंगरात एका जुन्या मातीच्या घरात मुक्काम, शुक्रवारी सकाळी निझवाचा बकऱ्यांचा बाजार, मग किल्ला, शनिवारी जबल शम्सचा डोंगर. कुठे काय बघायचं याच्या प्रिंटआउट्स काढलेल्या. मी म्हटलं, "अरे, फिरायला चाललोय की इन्स्पेक्शनला?"

बकऱ्यांचा बाजार माईंना जाम आवडला. किल्ला काही त्यांना झेपला नाही, गुडघे धरून खालीच बसल्या. दुपारच्या जेवणासाठी सुनीलने एक ओसाड गाव हेरून ठेवलं होतं. नाव देत नाही, उगाच कोणी जायचं! खाली खजुराची बाग आणि पाण्याचा पाट, वर उतारावर एकाला एक चिकटून मातीची घरं, सगळी पडकी. माणसं केव्हाच खालच्या नव्या वस्तीत गेलेली. त्यात शुक्रवारच्या नमाजाची वेळ... चिटपाखरू नाही.

गाडी बागेजवळ लावून आम्ही वर पहिल्याच भिंतीच्या सावलीत चटई टाकली. माईंनी घावणे आणि सुकटीची चटणी केली होती. मी पहिला घास उचलते न उचलते तोच माई वर बघून मोठ्याने म्हणाल्या, "या, जेवायला या!"

"अगं, कोणाला बोलावतेस?" सुनील म्हणाला.

"ती काय, वरच्या दारात बाई उभी आहे. कोणी बघत असताना आपण तसंच जेवायचं का?"

आम्ही वळून पाहिलं. दार होतं, बाई नव्हती. आता, कोकणात अंगणासमोरून जाणाऱ्या कोणालाही "या जेवायला" म्हणायची रीत आहे, खरोखर येऊन बसतं कोण? मी माईंची थट्टा केली, "माई, चटणी पुरणार नाही हं!" त्याही हसल्या.

डबे आवरताना लक्षात आलं, ओवी नाही.

आधी वाटलं, भिंतीमागे असेल. हाका मारल्या. पोर पाण्यात तर पडली नाही ना, म्हणून सुनील पाटाकडे धावला. माईंना चटईवरच बसवून मी घरांमध्ये घुसले. माझा आवाज म्हणजे सोसायटीचा भोंगा, पण त्या गल्ल्यांमध्ये तो चार पावलांवर विरत होता. एकुलतं एक लेकरू हो... काय काय मनात येत होतं ते लिहवत नाही.

आणि वरून आवाज आला, "आई, ये ना जेवायला."

ओवीचाच. शंभर टक्के ओवीचा. जीव भांड्यात पडला! मी रागाने बडबडत वर पळाले, एका दारातून आत शिरले आणि पाय सरळ खाली गेला. जमीन नव्हतीच. खजुराचे कुजके वासे आणि खाली थेट दरी. चौकटीला कशी लटकले, कशी मागे सरले, देव जाणे. हात कोपरापर्यंत मातीने भरले होते. समोर पोकळी, पलीकडे अर्धी भिंत, आणि त्या पोकळीच्या मधूनच, अगदी जवळून, पुन्हा तेच — "आई, ये ना जेवायला." तोच सूर, तोच हेल.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ओवी मला आई म्हणत नाही. ती "मम्मा" म्हणते. आणि एक वाक्य मराठीत धड बोलायचं तर तिच्या नाकी नऊ येतात.

मला घाम फुटला. इतक्यात खालून सुनीलची हाक आली, "सापडली! सापडली गं!"

ओवी गाडीत मागच्या सीटवर बसली होती. गाडी लॉक, किल्ली सुनीलच्या खिशात. मी धावत जाऊन तिला मिठीत घेतलं, तर पोर अंग चोरून, किंचाळून तोवर खाली आलेल्या माईंना बिलगली. तिच्या तोंडावर, दोन्ही गालांवर मातीची बोटं उठलेली. सुनील म्हणाला, "तुझेच हात बघ की कसे झालेत, तूच आता धरलंस तिला." असेलही. पण मी तिच्या पाठीला धरलं होतं, तोंडाला नाही.

शनिवारचं जबल शम्स गेलं खड्ड्यात, आम्ही तडक मस्कतची वाट धरली. रस्त्यात माईंच्या मांडीत तोंड खुपसून ओवी म्हणाली, "पप्पा कॉल करत होते, आय वॉन्टेड टू आन्सर. पण मम्माने माउथ बंद केलं."

"कोणत्या मम्माने?" माईंनी विचारलं.

"कारमधल्या. ती बोलली, वर गेली ती मी नाही. ती आली तर जवळ जायचं नाही."

माईंनी तिला पदराखाली घेतलं. सुनीलने एसी उगाचच वाढवला. मी पुढच्या सीटवर होते, मागे वळून बघायची मला हिंमत झाली नाही.

सुनील म्हणतो, लॉक करायला तोच विसरला असेल आणि बाकीचं पोरीच्या मनाचे खेळ. मग मी ऐकलं ते काय? आणि ती जी कोणी गाडीत होती, तिने माझ्या लेकराला त्या दरीपासून लपवून ठेवलं, की माझ्यापासून तोडलं? किती डोकं फोडलं तरी उत्तर मिळत नाही. माई गेल्या, त्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही त्यांनी कोणाला बोलावलं ते.

ओवी आता बारावीला आहे. तिला म्हणे त्यातलं काही आठवत नाही. हसते, भांडते, माझ्या साड्या पळवते. पाहुणे आले की आम्ही दोघी एकाच पलंगावर झोपतो. पण त्या दिवसापासून आजवर ती एकदाही माझ्याकडे पाठ करून झोपलेली नाही.