कंस कुठे आहे?

"कंस कुठे आहे?" बाई विचारायच्या आणि पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर आपटायच्या.

आमची संस्था जर्मनीत, ड्युसेलडॉर्फपासून गाडीने तासाभरावर होती. काम पत्रांचं. अठराव्या शतकात काही विद्वानांनी जगातलं सगळं ज्ञान एका कोशात घालायचं ठरवलं आणि त्यासाठी वर्षानुवर्षं एकमेकांना पत्रं लिहिली. ती वाचायची, नकलायची, छापायची. बाई संपादक, मी मदतनीस. सगळ्यांच्या त्या फ्राउ डॉक्टर आणि मी हेर, म्हणजे श्रीयुत, जाधव; पण मनातल्या मनात मी त्यांना बाईच म्हणे. आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या बाई अशाच रागवायच्या. त्या शाळेत ज्ञानकोश काचेच्या कपाटात कुलूपबंद असे. इथे कोश रचणारी माणसंच एकमेकांवर खेकसताना ऐकू येत: घड्याळावरचा लेख अजून आला नाही, माझं पोट दुखतंय, तुमचा तो पाद्री मूर्ख आहे.

बाईंचा नियम एकच. पत्रातलं काही गाळलं, तर त्या जागी चौकोनी कंस आणि आत तीन टिंबं. एकदा मी एक शिवी गाळली.

"हेर जाधव, कंस कुठे आहे?"

"फ्राउ डॉक्टर, शब्द फार घाणेरडा होता."

"आल्झो, म्हणजे लाज तुम्हाला वाटली, लिहिणाऱ्याला नाही. हवं तर गाळा. पण गाळलंय हे सांगा!"

माणसांनाही बाई हाच नियम लावत. कँटीनमध्ये एक प्राध्यापक म्हणाले, "युद्धाआधी मी इथे शिकवत होतो, नंतर पुन्हा शिकवू लागलो." बाई सूप ढवळत म्हणाल्या, "मधे कंस घाला." मधली नाझी वर्षं त्यांनी गाळली, हे टेबलावर सगळ्यांना कळलं. मला हसू आलं होतं. पुढे ते हसू गेलं.

पत्रांचा पहिला खंड युद्धापूर्वी दोघांनी मिळून तयार केला होता, बाईंनी आणि योनास लिंडाउअर यांनी. लिंडाउअर ज्यू होते. त्यांना आधी संस्थेतून काढलं, मग छावणीत नेऊन मारलं. खंड छापायचा राहिला, तो माझ्या काळात छापायला गेला. पहिल्या पानासाठी बाईंनी दोन नावं लिहून दिली. प्रूफ आलं, त्यातही नावं दोनच होती: संस्थेच्या प्रमुखांचं आणि बाईंचं.

प्रमुखांनीच मला शिष्यवृत्ती मिळवून दिली होती. आमच्या घरात कॉलेजला गेलेला पहिला मीच. तो उपकार मी विसरलेलो नाही. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी केक आणला होता.

"फ्राउ डॉक्टर, बिचारे राहिले नाहीत. मागेही कुणी नाही. जुनं कशाला उकरायचं?"

"अर्धा खंड त्यांच्या हातचा आहे. नाव गाळलंत. कंस कुठे आहे?"

"हे पहिलं पान आहे, पत्र नव्हे."

"मग माझंही नाव काढा."

ते हसले. बाईंनी प्रूफ ओढलं, स्वतःच्या नावावर कागद फाटेल अशी रेघ मारली, कोट चढवला आणि निघून गेल्या.

प्रमुख माझ्याकडे वळले. "तुम्ही समजूतदार आहात, हेर जाधव. पुढची प्रूफं तुम्ही बघा."

माझे कान तापले. उपकार केला म्हणून यांनी मला विकत घेतलं होतं की काय? मी म्हणालो, "हेर प्रोफेसर, कंस कुठे आहे?"

"तुम्ही इथे पाहुणे आहात," ते म्हणाले. हसू तसंच होतं.

पाहुण्याची शिष्यवृत्ती त्या वर्षी संपली.

निघण्यापूर्वी बाईंना भेटायला गेलो. त्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या, सुरी जरा जास्तच जोरात चालत होती. पुस्तक प्रमुखांच्या एकट्याच्या नावाने निघालं होतं, आणि बाईंना आलेली प्रत त्यांनी कुठे ठेवलीय हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी निघताना त्या म्हणाल्या, "कुठेतरी त्यांचं नाव छापा, तुमच्या भाषेत का होईना. माझं नको. ते जिथे नव्हते तिथे मला जागा नको होती, आता ते एकटेच असू देत. पण माझ्या जागी कंस विसरू नका."

परवा संस्थेचा अंक टपालाने आला. बाई गेल्या. चार ओळी छापल्या आहेत: शांत स्वभाव, दीर्घ सेवा, यथाकाल निवृत्ती. शांत स्वभाव! अंक मी भिंतीवर फेकला, मग उचलला, आणि लिहायला बसलो.

तर वाचकहो, त्या पहिल्या खंडाचे संपादक:

योनास लिंडाउअर

[...]